मायक्रोवेव्हच्या साहाय्याने हरित संश्लेषण : महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी एक कृती आणि तिचा हिशेब

एका उन्हाळ्यात, गुरुवारी पाणी बंद राहणार असल्यामुळे टाक्या आदल्या दिवशीच भरून ठेवलेल्या असताना, आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेतल्या मामांनी चालू असलेल्या संघनकाच्या (वाफ नळाच्या पाण्याने गार करून परत द्रव करणाऱ्या उपकरणाच्या) नळीखाली पंधरा लिटरची बादली ठेवली. ती पाव तासात भरली. म्हणजे मिनिटाला एक लिटर, आणि पाच तासांच्या तापवण्याला तीनशे लिटर. त्या दिवशी फ्लास्कमध्ये तयार होत असलेला पदार्थ जेमतेम अर्धा ग्रॅम होता. खडकवासला धरणाचे शुद्ध होऊन आलेले पाणी अर्ध्या ग्रॅमसाठी बेसिनमध्ये जात होते आणि प्रयोगवहीत त्याची नोंद कुठेच नव्हती. हरित रसायनशास्त्राविषयी, म्हणजे कमी कचरा आणि कमी घातक पदार्थ वापरून रसायने बनवण्याविषयी, वर्गात शिकवताना मी आता याच बादलीपासून सुरुवात करतो, कारण मायक्रोवेव्हने तापवण्याचा खरा फायदा समजून घ्यायचा असेल तर आधी आपण काय काय खर्च करतो ते मोजावे लागते.

पुढे दिलेली कृती एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. प्रयोगशाळेसाठी बनवलेला, तापमान व दाब मोजणारा आणि त्यानुसार शक्ती कमी-जास्त करणारा मायक्रोवेव्ह रिअॅक्टर उपलब्ध आहे असे येथे गृहीत धरले आहे. स्वयंपाकघरातल्या ओव्हनने हे काम करू नये. त्याची कारणे ओघात येतील.

आधी समज नीट करून घ्यावी

मायक्रोवेव्हमुळे रासायनिक बंध थेट तुटतात, हा गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये फार पसरलेला आहे. प्रयोगशाळेतील आणि घरातील दोन्ही यंत्रे २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतात. या वारंवारतेच्या फोटॉनची ऊर्जा दर मोलला साधारण एक ज्यूल भरते, तर सामान्य सहसंयुज बंध तोडायला दर मोलला काहीशे किलोज्यूल लागतात. लाखो पटींचे हे अंतर पाहिले की ‘बंध तुटतात’ हे म्हणणे सोडून द्यावे लागते. प्रत्यक्षात घडते ते एवढेच, की बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर वळू पाहणारे ध्रुवीय रेणू आणि पुढे-मागे ओढले जाणारे आयन यांच्या हालचालीतून द्रवाच्या आतच उष्णता निर्माण होते. तेलाच्या बाथमध्ये उष्णता काचेच्या भिंतीतून आत शिरते. येथे काच बहुतांशी पारदर्शक राहते आणि द्रव तापतो.

सेंद्रिय संश्लेषणासाठी या तंत्राचा वापर १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र शोधनिबंधांपासून सुरू झाला. त्या वेळी घरगुती ओव्हनच वापरले गेले, आणि वेग इतका वाढलेला दिसला की पुढे अनेक वर्षे ‘मायक्रोवेव्हचा खास परिणाम’ असे काही असावे, असे बोलले जात राहिले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे कापे यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडच्या कुपीत तेच प्रयोग करून पाहिले. सिलिकॉन कार्बाइड मायक्रोवेव्ह स्वतःच शोषून घेते, त्यामुळे आतल्या मिश्रणापर्यंत लहरी जवळजवळ पोहोचतच नाहीत, फक्त उष्णता पोहोचते. तरीही त्यांनी तपासलेल्या बहुतेक अभिक्रियांत उत्पन्न आणि वेळ काचेच्या कुपीएवढेच आले. सारा खेळ तापमानाचा आहे, आणि हे एकदा पटले की कृती ठरवणे सोपे होते.

बंद कुपीत विद्रावक त्याच्या उत्कलनबिंदूच्या बराच वर नेता येतो, हा या यंत्राचा मुख्य गुण आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. बंद कुपीत तेच पाणी २०० अंशांपर्यंत नेता येते, मात्र तेव्हा दाब साडेपंधरा बारपर्यंत चढलेला असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, हा पाठ्यपुस्तकातला ठोकताळा येथे कामाला येतो, पण तो ठोकताळाच आहे हे विसरू नये.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ग्राझच्या त्याच गटाने दिलेले आहे. ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन आणि अॅसेटिक आम्ल यांपासून २-मिथाइलबेंझिमिडाझोल तयार होण्यास खोलीच्या तापमानाला नऊ आठवडे लागतात. ६० अंशांना तीन दिवस, १०० अंशांना पाच तास, १३० अंशांना एक तास, १६० अंशांना दहा मिनिटे, २०० अंशांना तीन मिनिटे आणि २७० अंशांना सुमारे एक सेकंद. ठोकताळ्याने हिशेब केला तर १०० वरून १६० अंशांवर जाताना सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट वेग, आणि पाच तासांचे पावणेपाच मिनिटे व्हायला हवीत. प्रत्यक्षात दहा लागतात. म्हणून ठोकताळ्यावरून सुरुवातीची वेळ ठरवावी आणि अंतिम वेळ टीएलसीवरून, म्हणजे मिश्रणातले घटक पातळ थरावर वेगवेगळे ठिपके म्हणून दाखवणाऱ्या चाचणीवरून. आमच्याकडे शिकवण्यासाठी मी हीच अभिक्रिया निवडतो, कारण तिच्यात वेगळा उत्प्रेरक नाही, विद्रावक हाच अभिकारक आहे, आणि बाहेर पडते ते फक्त पाणी.

विद्रावक कोणता घ्यावा

द्रव मायक्रोवेव्हमध्ये किती चांगला तापेल, हे त्याच्या टॅन डेल्टा या मूल्यावरून कळते. इथिलीन ग्लायकॉलसाठी ते १.३५, इथेनॉलसाठी ०.९४, अॅसेटिक आम्लासाठी ०.१७, पाण्यासाठी ०.१२, टॉल्यूइनसाठी ०.०४ आणि हेक्झेनसाठी ०.०२ आहे. टॉल्यूइन किंवा हेक्झेन एकटे घेतले तर यंत्र पूर्ण शक्ती लावूनही रेंगाळते. सुदैवाने जे द्रव चांगले तापतात त्यांतले इथेनॉल आणि पाणी हे पर्यावरणाच्या दृष्टीनेही बरे आहेत. जुन्या कृतीत केवळ जास्त तापमान मिळावे म्हणून डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हा विद्रावक) घेतलेले असेल, तर तेच तापमान बंद कुपीतल्या इथेनॉलने गाठता येते का, हे आधी पाहावे. १४० अंशांना इथेनॉलचा दाब साडेसात बारच्या आसपास असतो आणि तो या कुप्या सहज पेलतात. प्रजननक्षमतेला घातक असलेले आणि बाष्पीभवनाने काढायला त्रासदायक असलेले डीएमएफ टळले, तर माझ्या मते हा फायदा वेळेच्या बचतीपेक्षा मोठा आहे.

पाण्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोलीच्या तापमानाला त्याचा परावैद्युतांक (द्रव किती ध्रुवीय आहे याचे माप) ७८ असतो, तो २०० अंशांना ३५ च्या जवळ, म्हणजे साध्या मिथेनॉलच्या आसपास येतो. त्यामुळे थंड पाण्यात न विरघळणारे सेंद्रिय पदार्थ तापलेल्या पाण्यात बऱ्यापैकी विरघळतात आणि कुपी थंड झाल्यावर स्फटिकरूपाने आपोआप बाहेर पडतात. वेगळे निष्कर्षण करावे लागत नाही. मात्र तापत जाणारे पाणी मायक्रोवेव्ह कमी कमी शोषते. १५० अंशांपलीकडे तापमान रेंगाळू लागले आणि अभिक्रियेला चालणार असेल, तर चिमूटभर मीठ टाकल्याने आयनांमुळे तापणे सुधारते.

कृती

दहा मिलिलिटरची जाड काचेची कुपी घ्यावी आणि ती उजेडात फिरवून तपासावी. ओरखडा, तारेसारखी चीर किंवा तळाशी पांढरट डाग दिसला तर ती कुपी काचेच्या कचऱ्यात टाकावी; ती ‘आणखी एकदा’ वापरण्याचा मोह महागात पडतो. ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन ताजे असताना फिकट रंगाचे असते आणि हवेत राहून तपकिरी, पुढे काळपट होते. बाटलीतला पदार्थ काळा पडला असेल तर तो गरम पाण्यातून, थोड्या सोडियम डायथायोनाइटच्या सोबतीने, पुनर्स्फटिकीत करून घ्यावा. हा पदार्थ विषारी आहे, त्वचेला संवेदनशील बनवतो आणि जनुकीय हानी करू शकतो, म्हणून तो हातमोजे घालून धूरकपाटातच (फ्यूम हूडमध्येच) तोलावा.

०.५४ ग्रॅम, म्हणजे पाच मिलिमोल, ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन कुपीत घ्यावे. त्यावर ग्लेशियल अॅसेटिक आम्ल पाच मिलिलिटर घालावे. कुपीचा किमान एक तृतीयांश भाग रिकामा राहिला पाहिजे, कारण तापलेला द्रव फुगतो आणि वाफेला जागा लागते. चुंबकीय ढवळदांडी टाकावी, आणि ती खरोखर टाकली आहे ना हे झाकण लावण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्या विभागातल्या एका विद्यार्थ्याकडून ती टाकायची राहून गेली होती. पडद्यावर शेवटपर्यंत १६० अंशच दिसत होते, तक्रारीला जागा नव्हती. पण कुपी बाहेर आली तेव्हा तळाशी तपकिरी, चिकट थर बसलेला होता आणि वरचा द्रव बराचसा कोराच होता. यंत्रातील इन्फ्रारेड संवेदक कुपीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान एका ठिकाणी मोजतो. ढवळणे बंद असेल तर आतल्या द्रवात वेगवेगळ्या थरांचे तापमान कितीही वेगळे असू शकते आणि संवेदकाला त्याचा पत्ता लागत नाही. याच कारणासाठी कुपीची बाहेरची बाजूही कोरडी आणि स्वच्छ पुसून घ्यावी. पावसाळ्यात, थंड जागेतून काढलेल्या कुपीवर दव जमते तेव्हा विशेषकरून.

झाकणाचा पडदा (सेप्टम) दरवेळी नवा घ्यावा. एकदा सुईने टोचलेला पडदा दुसऱ्यांदा वापरला की तो गळतो. आमच्याकडे असे झाले तेव्हा दोन दिवस खोलीत लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास येत होता आणि यंत्राची पोकळी उघडून पुसावी लागली होती.

आता यंत्रावर लक्ष्य तापमान १६० अंश, त्या तापमानावर ठेवण्याची वेळ दहा मिनिटे आणि दाबाची मर्यादा कुपीच्या क्षमतेच्या बरीच खाली ठेवावी. या तापमानाला अॅसेटिक आम्लाचा दाब तीन-चार बारच्या घरात राहतो, त्यामुळे दहा बारची मर्यादा पुरेशी आहे. दाब अनपेक्षितपणे वाढला तर यंत्राने लवकर थांबावे, हाच हेतू. शक्ती एकदम जास्तीत जास्त देऊ नये. दोन ते तीन मिनिटांत हळूहळू तापमान चढू द्यावे, नाहीतर काटा १६० ओलांडून वर जातो आणि मग वहीत लिहिलेले तापमान खरे राहत नाही. २०० अंशांना तीन मिनिटांत काम होते हे खरे असले तरी पहिल्याच प्रयत्नात तिकडे जाण्याचे कारण नाही. सात मिनिटे वाचवून त्या दुपारी आपण वेगळे काय करणार आहोत?

वेळ संपली की यंत्र दाबाखालच्या हवेने कुपी थंड करते. तापमान ५० अंशांच्या खाली आल्याशिवाय आणि दाब शून्यावर आल्याशिवाय कुपी बाहेर काढू नये, आणि झाकण धूरकपाटात, काच खाली ओढून उघडावे. एक थेंब काढून टीएलसी पाहावी. डायअमाइनचा ठिपका उरला असेल तर आणखी पाच मिनिटे द्यावीत.

कुपी उघडल्यानंतर

बहुतेक कृती येथे येऊन संपतात, आणि माझी तक्रार नेमकी येथेच आहे. ‘दहा मिनिटांत हरित संश्लेषण’ असे शीर्षक देऊन झाले की मिश्रण बर्फात ओतले जाते, अमोनियाने उदासीन केले जाते, आणि पुढचा कचरा सिंकमध्ये जातो. त्याचा हिशेब करून पाहू.

पाच मिलिलिटर अॅसेटिक आम्ल म्हणजे साधारण ८७ मिलिमोल. त्यातले अभिक्रियेत पाच मिलिमोल खर्च झाले. उरलेले ८२ मिलिमोल उदासीन करायला तेवढाच अमोनिया लागतो, आणि त्यातून सहा ग्रॅमहून अधिक अमोनियम अॅसिटेट तयार होते. सैद्धांतिक उत्पन्न ०.६६ ग्रॅम आहे. समजा ८५ टक्के, म्हणजे ०.५६ ग्रॅम पदार्थ हाती आला, तर पाणी वगळून वापरलेले वस्तुमान ०.५४ ग्रॅम डायअमाइन, ५.२५ ग्रॅम आम्ल आणि १.४ ग्रॅम अमोनिया असे सुमारे ७.२ ग्रॅम होते. पदार्थाचे वजन वजा केले तर कचरा ६.६ ग्रॅम, आणि कचऱ्याचे पदार्थाशी गुणोत्तर, ज्याला रॉजर शेल्डन यांनी ई-फॅक्टर हे नाव दिले, ते १२ च्या आसपास येते. त्याच अभिक्रियेची अणुकाटकसर, म्हणजे अभिकारकांच्या वस्तुमानापैकी समीकरणानुसार पदार्थात उतरणारा वाटा, मात्र ७८.६ टक्के आहे, आणि अहवालात तोच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

म्हणून आम्ही क्रम बदलला. मिश्रण आधी रोटाव्हॅपवर (फिरत्या फ्लास्कमधून द्रव उडवून काढणाऱ्या यंत्रावर) घ्यावे आणि कमी दाबाखाली अॅसेटिक आम्ल शक्य तितके ऊर्ध्वपातनाने काढावे. पाचपैकी चार मिलिलिटर आम्ल परत मिळाले, तर उरलेल्या सुमारे १२ मिलिमोल आम्लासाठी ०.२ ग्रॅम अमोनिया पुरतो आणि ई-फॅक्टर १२ वरून २ च्या थोडा वर येऊन थांबतो. यंत्र तेच, मिनिटे तीच, फरक फक्त कुपी उघडल्यानंतरच्या वीस मिनिटांत पडला. रोटाव्हॅपच्या संघनकासाठीही नळाचे पाणी सोडू नये. बादलीत बर्फ टाकून मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या छोट्या पंपाने तेच पाणी फिरवत ठेवावे. हा पंप स्वस्त असतो आणि हे काम नीट करतो.

रोटाव्हॅपवर उरलेल्या दाट अवशेषात दहा मिलिलिटर थंड पाणी घालावे आणि ढवळत ढवळत सौम्य अमोनिया थेंबाथेंबाने टाकावा. पीएच ८ ते ९ झाला की २-मिथाइलबेंझिमिडाझोल पांढरट स्फटिकांच्या रूपात खाली बसते. ते गाळून, थोड्या थंड पाण्याने धुऊन, दहा टक्के इथेनॉल असलेल्या गरम पाण्यातून पुनर्स्फटिकीत करावे. वितळणबिंदू १७५ ते १७७ अंश यायला हवा. तो कमी आला तर पदार्थ बहुधा ओला असतो. ऑगस्टमध्ये आमच्याकडे एक संपूर्ण तुकडी यामुळे चिंतेत पडली होती आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) रात्रभर ठेवल्यावर सर्वांचे आकडे सरळ झाले.

विजेविषयी

मायक्रोवेव्ह विजेची बचत करतो, हे विधान सरसकट करू नये. मॅग्नेट्रॉन, म्हणजे यंत्रातला लहरी निर्माण करणारा भाग, विजेपैकी साधारण ५० ते ६५ टक्केच भाग लहरींत बदलतो, आणि लहान कुपीत पाच मिलिलिटर द्रव त्यातलाही थोडाच शोषतो. बचत होते ती मुख्यतः वेळ पाच तासांवरून पंधरा मिनिटांवर येते म्हणून. जी अभिक्रिया खोलीच्या तापमानाला तासाभरात होते, तिला या यंत्रात घालणे हा उलट अपव्यय आहे, आणि असे शोधप्रबंध मी वाचलेले आहेत. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायचे साधे वीजमापक मिळते. ते रिअॅक्टरला आणि तेलाच्या बाथला आळीपाळीने लावून दोन्ही आकडे युनिटमध्ये वहीत लिहावेत.

प्रमाण वाढवण्याविषयीही सावध राहावे. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी बहुतेक ध्रुवीय द्रवांत काही सेंटिमीटरच आत जातात, त्यामुळे पाच मिलिलिटरची कृती पाच लिटरच्या भांड्यात तशीच चालत नाही. मात्र कुपीत सापडलेले तापमान आणि वेळ बाहेरून तापवलेल्या अरुंद नळीतल्या सतत वाहत्या प्रवाहात वापरता येतात, आणि वर सांगितलेल्या बेंझिमिडाझोलवर ग्राझच्या गटाने तेच करून दाखवले आहे.

जे करू नये

घरगुती ओव्हनमध्ये बंद भांडे कधीही ठेवू नये. त्याला दाब कळत नाही, तापमान कळत नाही, आणि त्याच्या आतल्या ठिणगीने इथेनॉलची वाफ पेट घेऊ शकते. उघड्या भांड्यातही ज्वलनशील विद्रावक त्यात तापवू नये. जुना ओव्हन उघडून मॅग्नेट्रॉन काढण्याची हौस बुधवार पेठेत सुटे भाग धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्यांना असते. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव घेईल एवढा उच्च विद्युतदाबाचा भार शिल्लक असू शकतो. ती हौस तेथेच थांबवावी.

रिअॅक्टरमध्येसुद्धा अॅझाइड, डायअॅझो संयुगे, अनेक नायट्रो गट असलेली संयुगे आणि हायड्राझीन यांना बंद कुपीत तापवू नये. कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडणाऱ्या अभिक्रियांत किती मोल वायू निघेल हे आधी मोजून घ्यावे, कारण वाफेचा दाब थंड झाल्यावर उतरतो, वायूचा उतरत नाही. मॅग्नेशियमच्या चुऱ्यासारख्या धातूंमुळे ठिणग्या उडतात. पॅलेडियमच्या अभिक्रियेत धातूचा काळा, चकचकीत थर काचेच्या आतल्या बाजूला बसताना दिसला तर यंत्र तत्काळ थांबवावे. तो थर लहरी शोषून त्या जागी काच वितळवू शकतो. कोणतीही नवी अभिक्रिया आधी अर्ध्या मिलिमोलवर आणि कमी तापमानावर करून पाहावी.

परत मिळवलेले अॅसेटिक आम्ल ‘पुनर्प्राप्त, थोडे पाणी आहे’ अशी चिठ्ठी लावून, तारखेसह वेगळ्या बाटलीत ठेवावे आणि पुढच्या तुकडीने याच अभिक्रियेसाठी ते वापरावे. किती वेळा वापरले ते चिठ्ठीवर रेघा मारून दाखवावे. आमच्या बाटलीवर सध्या चार रेघा आहेत. चौथ्या वेळी उत्पन्न थोडे घसरले, म्हणून पाचव्यांदा वापरण्यापूर्वी आम्ही त्यात ताजे आम्ल निम्मे मिसळणार आहोत.